दोन पातेली

सोमवार, ४ फेब्रुवारी

ही डायरी आमच्या ह्यांना कुठल्यातरी कापड कंपनीने भेट दिलेली, कोरीच पडून होती. आज जेवताना मी कँटीनचं सांगायला लागले तर म्हणाले, "माझं डोकं खाण्यापेक्षा हिच्यात लिही. ही मधेच उठून जाणार नाही." ह्यांचं शिवणाचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकून कान किटतात, हे मला कळतं. पण बायकोची पाळी आली की नेमके जास्त किटतात, हेही कळतं. असो, लिहिते.

तर बातमी अशी की आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये पुढच्या सोमवारपासून 'हिरवं काउंटर' सुरू होणार. आमचं ऑफिस म्हणजे शेती आणि पर्यावरणाचं. शेतकऱ्याने काय फवारावं, किती पाणी द्यावं, हे वरच्या मजल्यांवर ठरतं आणि ठरवणाऱ्यांना तळमजल्यावर मी जेवू घालते. मोठ्या साहेबांनी आज बोलावून घेतलं. म्हणाले, फवारणीशिवायची भाजी खा म्हणून आपण जगाला सांगतो, मग आधी आपण खायला नको का? दोन महिने करून बघायचं, चाललं तर बाकीच्या सरकारी कँटीनमध्येही सुरू करायचं. असा कुणी शेतकरी माहीत आहे का, हे त्यांचं विचारून पूर्ण व्हायच्या आत मी म्हटलं, आहे, माझा धाकटा भाऊ.

वशिला लावला म्हणा हवं तर. पण धाकट्याला गरज आहे. त्याने दोन वर्षांपासून अर्ध्या शेतात फवारणी बंद केली आहे. कारण काय, तर कोंबड्या. फवारणी केली की त्यांना कोंडून ठेवावं लागायचं, आणि त्या आत दिवसभर कलकलाट करायच्या, तो ह्याला ऐकवेना. मोठं तत्त्वज्ञान वगैरे काही नाही. भाजी छान येते, पण दिसायला ओबडधोबड, त्यामुळे बाजारात व्यापारी नाक मुरडतात. मार्चअखेर पुढची लावणी आहे. तोवर नेमाने घेणारं कुणी मिळालं तर सगळ्याच शेतात फवारणी बंद, नाहीतर फवारणीचा पंप पुन्हा सगळ्या शेतात, असं त्याने ठरवलंय. फोन करून त्याला सगळं सांगितलं. मग म्हणाला, "ताई, खरंच घेतील?" म्हटलं, तू पिकव, बाकीचं माझ्यावर सोड.

सोमवार, ११ फेब्रुवारी

काय दिवस गेला.

सकाळी धाकट्याचे क्रेट आले. फ्लॉवर मुठीएवढे. घेवडा वाकडातिकडा. गाजरांना दोन-दोन पाय, एकाला तर तीन. आमच्या आचाऱ्यांनी ते तीन पायांचं गाजर टेबलावर उभं करून दाखवलं आणि म्हणाले, हे चिरायचं की ह्याला हजेरीपुस्तकावर घ्यायचं? गेली कितीतरी वर्षं ह्या माणसाने माझ्यासोबत काम केलंय, पण गंभीर म्हणून एक वाक्य बोललेला नाही. फ्लॉवर मिठाच्या पाण्यात टाकले तशा अळ्या वर आल्या. त्या वेचता वेचता आमची मान मोडायची वेळ आली.

बाराच्या ठोक्याला सगळं ऑफिस खाली. साहेबांनी चार शब्द सांगितले, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. तिसऱ्या मजल्यावरच्या सर्वेक्षणवाल्या बाई (लोकांना खाण्यापिण्याबद्दल काय वाटतं ते विचारत फिरणं हेच त्यांचं काम) म्हणाल्या, आमच्या पाहणीत दहातल्या नऊ जणांनी सांगितलंय की फवारणी नसलेलीच भाजी हवी. मग फोटो संपले आणि ते दहाच्या दहा जण शेजारच्या नेहमीच्या काउंटरवर रांगेत उभे राहिले. साहेबांनी हिरव्या काउंटरवरचा एक घास घेतला, फ्लॉवरवरचा काळा ठिपका चमच्याने उलटसुलट केला आणि त्यांना एकदम मीटिंग आठवली. बाई म्हणाल्या, आज जरा डोकं दुखतंय, उद्या नक्की.

आवक-जावकचे कारकून, ज्यांना सगळे नुसतं 'आवक-जावक'च म्हणतात, ते निदान खरं बोलले. म्हणाले, असलं गवत मी खात नाही.

भयंकर राग आला. बोलायला सगळे पुढे आणि ताट उचलायच्या वेळी मागे. घरी यायला उशीर झाला, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून फ्लॉवर घेतला. पांढराशुभ्र, एक डाग नाही, धुवायचंही काम नाही. ह्यांना आवडला.

बुधवार, १३ फेब्रुवारी

हिरव्या काउंटरचं पातेलं आजही भरलेलंच परत आलं. शिपायांना डब्यात बांधून दिलं, त्यांनी उपकार केल्यासारखं नेलं.

संध्याकाळी धाकट्याचा फोन. "संपलं का ग?" आणि मी म्हटलं, चाटूनपुसून. तोंडातून निघूनच गेलं. काय करणार, आवाजच असा होता त्याचा. लहानपणी पतंग उडाला की नाही हे विचारायचा तसा. मग तो बोलतच सुटला. शेजारचे शेतकरी येऊन क्रेट बघून गेले म्हणे. एक जण म्हणाला, नियम करायला त्यांचं काय जातं, वाफ्यात वाकायला आपण. दुसरा म्हणाला, शहरातल्या लोकांना भाजी हवी आरशासारखी, वर स्वस्त, आणि वर पुन्हा आपल्यालाच सांगणार की माती जपा. पण शेवटी तोच दुसरा हळूच विचारून गेला की तुझ्या ताईला अजून माल लागेल का.

सांगते म्हणून फोन ठेवला.

सोमवार, १८ फेब्रुवारी

आज जे झालं ते मी केलेलं नाही, आपोआप झालं. हे आधी लिहून ठेवते.

नेहमीच्या भाजीवाल्याची गाडी वाटेत बंद पडली. अकरा वाजले तरी नेहमीच्या काउंटरचं पातेलं रिकामं. आचारी म्हणाले, धाकट्यांचा माल पडलाय की. मी म्हटलं, चिरा बारीक. गाजराचे पाय गेले, घेवड्याचा वाक गेला, फ्लॉवरचे ठिपके गेले, मसालेदार रस्सा तयार. साडेबारापर्यंत पातेलं साफ. आवक-जावक तिसऱ्यांदा वाटी घेऊन आले आणि म्हणाले, आज हात कुणाचा लागलाय? आणि शेजारी हिरव्या काउंटरवर तीच भाजी, मोठे तुकडे करून, तशीच्या तशी बसलेली.

आचारी आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. काहीच बोललो नाही. पण बोलल्यासारखंच झालं.

बुधवार, २० फेब्रुवारी

केलं.

धाकट्याचा सगळा माल नेहमीच्या पातेल्यात. बाजारातला गुळगुळीत माल हिरव्या काउंटरवर, पाटीखाली. साहेब आले, बघितलं, म्हणाले, आता कशी भाजी दिसतेय. दोनदा घेतली. सर्वेक्षणवाल्या बाईंनी तर डोळे मिटून घास घेतला आणि म्हणाल्या, ही खरी चव, लहानपणी अशीच भाजी मिळायची. आचारी कढईआड खाली वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

दोन्ही पातेली रिकामी. धाकट्याला फोन केला, संपलं म्हणाले, आणि ह्या वेळी ते खरं होतं. शपथेवर खरं होतं.

मग मला झोप का लागू नये? त्याची भाजी खाल्ली जातेय. खाणारे खूश. साहेब खूश. कोंबड्या मोकळ्या. नुकसान कुणाचं झालं, ते मला कुणी दाखवून द्यावं.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

हे आज विचारत होते, धाकट्याची भाजी जगाला मिळते, आपल्याकडेच का येत नाही? म्हटलं, ती निवडत बसायला वेळ कुणाला आहे, आणि ताटात एक अळी दिसली तर तुम्हीच घर डोक्यावर घ्याल.  मग म्हणाले, मी कधी काही म्हटलंय का? पुरुषांना असलं काही आठवत नाही.

कँटीनमध्ये सगळं झकास. साहेब येताजाता 'आपलं काउंटर' म्हणतात. मात्र मजा अशी की त्यांच्या केबिनमध्ये जेव्हा ताट वर जातं तेव्हा निरोप येतो, नेहमीचा रस्सा पाठवा. हिरवं खायचं ते चारचौघांत.

शुक्रवार, १ मार्च

मेले.

साहेबांनी आठ तारखेला कार्यक्रम ठेवलाय. दुसऱ्या ऑफिसांचे कँटीनवाले येणार, आणि 'आपले शेतकरी बंधू' म्हणून धाकट्याचा सत्कार. मी म्हटलं, त्याला शेतात फार काम असतं. साहेब म्हणाले, मी स्वतः फोन केला, ते येतो म्हणालेत, फार आनंदात होते.

आचारी म्हणतात, घाबरायचं काय, भाजीवर कुणाचं नाव लिहिलेलं असतं का? ते खरंच आहे. त्या दिवशी बाजारातून निवडून चांगला माल आणायचा. साहेबांना फ्लॉवर आवडतो, तेव्हा फ्लॉवरच करावा. तेवढा एक दिवस निभावला की सुटले.

शुक्रवार, ८ मार्च

आज झालं ते सगळं लिहिते.

धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून आला. केस पाण्याने बसवलेले, मागचा एक तेवढा उभाच. त्याला साहेबांशेजारी बसवलं. हार झाला, भाषण झालं, मग हिरव्या काउंटरवरचं ताट त्याच्यापुढे आलं. फ्लॉवरची भाजी. त्याने ताटाकडे बघितलं. बघतच राहिला. मला वाटलं, भारावला.

मग एक घास खाल्ला, ताट घेऊन उठला आणि नेहमीच्या काउंटरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. आवक-जावकांच्या मागे. वाटीभर रस्सा घेतला, तिथेच उभ्याने खाल्ला. आणि माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मला आठवलं. मागच्याच आठवड्यात फोनवर त्याने सांगितलं होतं, ताई, फ्लॉवर संपला, आता फक्त गाजर आणि घेवडा. मी हो म्हटलं होतं. ऐकलंच नव्हतं. इतकी वर्षं कँटीन चालवणारी मी, आणि शेतात जो फ्लॉवरच उरलेला नाही तो शेतकऱ्यालाच वाढला.

साहेब म्हणाले, दोन शब्द बोला. धाकटा म्हणाला, "ही भाजी माझी नाही. माझी त्या पातेल्यात आहे."

 आवक-जावकांचा चमचा तोंडाशी तसाच राहिला, मग त्यांनी तो हळूच आत घातला. मी उभी राहिले आणि म्हटलं, पातेली मी बदलली, आचाऱ्यांचा काही संबंध नाही. आचारी म्हणाले, संबंध आहे. माणूस पहिल्यांदा गंभीर बोलला. साहेबांचा चेहरा लालबुंद, एकच शब्द, "फसवणूक." आणि मग एकदम हसू आलं ते सर्वेक्षणवाल्या बाईंना. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. म्हणाल्या, लहानपणीची चव म्हणणारी मीच ना? त्यांच्यामागून इतरही हसले, पण साहेब हसले नाहीत आणि धाकटाही हसला नाही. हार टेबलावर ठेवून तो निघून गेला.

रविवार, १० मार्च

शेतावर गेले. फोन तो उचलत नाही, मग काय करणार. भावजयीने चहा दिला आणि नजरेनेच सांगितलं, तिकडे आहे. घेवडा तोडत होता. काही न बोलता मला एक टोपली दिली. मीही वाकून तोडायला लागले. कोंबड्या पायात. एक ओळ संपली. मीच म्हटलं, अरे, तुझ्यासाठीच केलं ना.

"चोरीचा माल असल्यासारखा खपवलास तू तो," धाकटा म्हणाला. "परत येतोय हे मला सांगितलं असतंस तर मी काहीतरी केलं असतं. दुसरं वाण लावलं असतं. येऊन चार लोकांशी बोललो असतो. पण नाही. धाकट्याला काही सांगायचं नाही. मी काय अजून पतंग उडवतोय?"

मला रडू आलं. वाफ्यात उभी राहून रडले, टोपली हातात घेऊन. त्याने थोडा वेळ रडू दिलं, मग म्हणाला, कोवळ्या शेंगा नको तोडूस, त्या वाढायच्यात. म्हणजे राग गेला नव्हता, पण बोलायला लागला होता. निघताना मी विचारलं, पंपाचं काय. म्हणाला, महिनाअखेर बघू. त्या सुरात मला पंपच दिसला.

बुधवार, १३ मार्च

हिरवं काउंटर बंद. पाटी काढली. सोमवारपासून धाकट्याचा माल बंद, सगळं बाजारातलं. साहेबांनी मला नोकरीवरून काढलं नाही, फक्त दिसले की मान फिरवतात.

पण गंमत बघा. सोमवारी आवक-जावक वाटी घेऊन आले, एक घास खाल्ला आणि म्हणाले, हे काय? म्हटलं, रस्सा. म्हणाले, हा रस्सा नाही. मंगळवारी दुसऱ्या मजल्यावरचे चौघे. आज रांगेत अख्खी कुरबुर. मी म्हटलं, अहो, तुम्हाला हवा तो गवताचा होता. आवक-जावक म्हणाले, असेल, मग गवत आणा.

आणि दुपारी साहेबांच्या केबिनमधून ताट परत आलं. निम्मं तसंच.

येताना बाजारात घेवडा फार सुंदर मिळाला, एकसारखा, सरळ. घेतला. माणसं मात्र विचित्र असतात. हवं एक असतं आणि उचलतात भलतंच.

गुरुवार, १४ मार्च

साहेब स्वतः खाली आले. सोबत सर्वेक्षणवाल्या बाई. बाईच बोलल्या. म्हणाल्या, मी वर्षभर लोकांना विचारत बसले, तुम्ही नुसतं वाढून दाखवलंत. त्यांनी साहेबांना वर बरंच काही ऐकवलेलं दिसत होतं. साहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, दोन पातेली नकोत, एकच करा, माल भावाचाच. पण आता लपवाछपवी नाही.

जीव भांड्यात पडला. लगेच धाकट्याला फोन. तो म्हणाला, देतो, पण एका अटीवर. रोज एक क्रेट न धुता, न निवडता कँटीनच्या दारात ठेवायचं. लोकांनी बघायचं, मग खायचं. मी म्हटलं, अरे वेड्या, बघितलं तर खाणार नाहीत, चांगलं चाललंय त्यात माती कशाला कालवतोस. तो म्हणाला, "मग नाही खाल्लं तर नाही. मला एकदा कळू दे."

हट्टी. आमच्या घरात कुणाचं आलंय हे त्याच्यात, कोण जाणे.

सोमवार, १८ मार्च

धाकटा स्वतःच क्रेट घेऊन आला आणि दारात, क्रेटशेजारी उभा राहिला. जुनाच शर्ट. मी आतून हात जोडून देवाला म्हणत होते, निदान अळी तरी दिसू देऊ नकोस. दिसली. घेवड्याच्या शेंगेवर, हिरवीगार, सगळ्यांत वर, आरामात.

रांग क्रेटपाशी येऊन थबकली. लेखा विभागातल्या दोघी सरळ वळल्या आणि बाहेरच्या टपरीवर गेल्या. त्यांच्यामागून अजून काही.  कुणीतरी धाकट्याला विचारलं, ही भोकं कसली? तो म्हणाला, आमच्या आधी कुणीतरी जेवून गेलंय. कुणीतरी हसलं. दुसऱ्याने विचारलं, मग थोडीशी फवारणी केली तर बिघडतं काय? धाकटा म्हणाला, थोडी केली की पुढच्या वेळी थोडी जास्त लागते, मी वीस वर्षं करत होतो. आणि कोंबड्यांचं सांगायला लागला. साहेब मागे उभे होते, तेही ऐकत होते. वाटेत एवढी गर्दी की मी ओरडले, अहो, जेवण गार होतंय.

आवक-जावक पुढे झाले. क्रेटमध्ये वाकून बघितलं, अळीकडे बघितलं, धाकट्याकडे बघितलं. मग आत येऊन वाटी पुढे केली आणि म्हणाले, वरपर्यंत. त्यांच्यामागून बाई. त्यांच्यामागून साहेब, चारचौघांत. मग मी वर बघितलंच नाही, वाढतच राहिले. आचारी पातेलं तिरकं धरत होते.

टपरीवर गेलेल्यांपैकी काही जण परत आले नाहीत. त्यांचं मी काही करू शकत नाही.

दीड वाजता रांग संपली आणि सगळ्यात शेवटी धाकटा आला, ताट घेऊन. मी डाव घातला तर नुसता खण्ण आवाज. त्याने वाकून पातेल्यात बघितलं. तळाला मसाल्याचा ओघळ, तेवढाच. सगळं ऑफिस बघून, विचारून, जाणूनबुजून जेवलं होतं आणि ज्याने पिकवलं त्याला घासभरही उरलं नव्हतं.

"ताई," धाकटा म्हणाला, "मी उपाशी." आणि तिथेच, पातेल्यापाशी, इतका हसला की ताट खाली ठेवावं लागलं.  चहा आणि पाव दिला. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्याने पाव चहात बुडवला आणि म्हणाला, सगळ्या शेतात हेच लावतो.